आप्पांची पावले आणि फोनमधला आकडा

प्रश्न : माझे वडील, आप्पा, ७१ वर्षांचे आहेत. वडगावात त्यांनी चाळीस वर्षे माग चालवला. आता येळ्ळूर रस्त्याकडच्या शिवारात थोडी भातशेती आहे, तिकडे ते रोज जातात. आठ वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने दिवाळीत त्यांना नवा फोन दिला, त्यात पावले मोजण्याचे अ‍ॅप घातले आणि रोज दहा हजार पावले पूर्ण करायला सांगितले. तो तिथून आकडा पाहतो आणि कमी दिसला की रात्री फोन करतो. शेतात दिवसभर राबून आलेल्या दिवशी आकडा नऊशेच दिसतो, म्हणून आप्पा जेवणानंतर अंगणात अनवाणी फेऱ्या मारत राहतात. त्यांचा उजवा गुडघा सुजला आहे. मागच्या आठवड्यात कळले की माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या खिशात फोन घालून ते त्याला गल्लीत खेळायला पाठवत होते. हे आकडे खरे असतात का? दहा हजार पावलांची गरज आहे का? मनगटावरचे घड्याळ घ्यावे का? ही माहिती जाते कुठे? आणि मुलाने चाललेली पावले नोंदीतून काढता येतात का?
— एक शिक्षिका, वडगाव, बेळगाव

ताई,

तुम्ही विचारलेल्या पाच प्रश्नांत गुडघ्याचा प्रश्न नाही, तरीही मी सुरुवात तिथूनच करणार आहे. रात्रीच्या फेऱ्या आजपासून थांबवा आणि सूज आलेला गुडघा याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. या वयात गुडघ्याची झीज असणे स्वाभाविक आहे. पण सूज आलेली असताना, दिवसभर शेतात वाकून काम केल्यावर, थकलेल्या पायांनी अंगणात एकाच दिशेने गोल फिरत राहणे हा व्यायाम नव्हे. त्याहून अधिक काळजी मला ‘अनवाणी’ या शब्दाची वाटते. आठ वर्षांच्या मधुमेहात तळपायाची संवेदना हळूहळू कमी होऊ शकते, खडा किंवा काटा टोचलेला कळत नाही, आणि न कळलेली ती जखम पुढे चिघळते. आप्पांनी घरात आणि अंगणातही मऊ तळाची, टाचेला पट्टा असलेली चप्पल घालावी, आणि रोज झोपण्यापूर्वी कोणीतरी त्यांचे तळपाय व बोटांमधली जागा उजेडात नीट पाहावी. भाताच्या वाफ्यात चिखलात उतरण्याच्या दिवसांत तर हे एकदाही चुकवू नये.

आता नऊशेच्या आकड्याकडे येऊ. फोनमध्ये अ‍ॅक्सिलरोमीटर नावाचा एक सेन्सर असतो. सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. फोन हलला की तो तुकडा किंचित सरकतो आणि त्या सरकण्याने विद्युतधारितेत, म्हणजे विजेचा भार साठवण्याच्या क्षमतेत, होणारा बदल मोजला जातो. अशा रीतीने वर-खाली, डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे या तीन दिशांतले त्वरण, म्हणजे वेगातला बदल, सेकंदाला अनेक वेळा टिपले जाते. माणूस चालतो तेव्हा प्रत्येक पाऊल टेकताना शरीराला एक लहान धक्का बसतो, आणि सेकंदाला दीड ते दोन अशा नियमित तालात ते धक्के येत राहतात. फोनमधली गणनपद्धती तो ताल ओळखते. म्हणजे फोनला पाऊल दिसत नाही, त्याला फक्त ताल ऐकू येतो, असे म्हटले तर ते बरेचसे खरे ठरेल.

हे एकदा ध्यानात आले की आप्पांचा दिवस फोनला का कळत नाही हेही कळेल. रोप लावताना माणूस वाकून, चिखलातून पाय ओढत, दोन पावले मागे सरकतो आणि थांबतो. त्यात मेहनत भरपूर आहे, पण ताल नाही. शिवाय आपल्या भागात शेतात उतरताना फोन बांधावरच्या जेवणाच्या पिशवीत किंवा झाडाला अडकवलेल्या सदऱ्यात राहतो, तेव्हा त्याने काही मोजावे अशी अपेक्षाच चुकीची आहे. आप्पा मागावर बसत होते त्या काळी हा फोन त्यांच्या खिशात असता, तरी पायांनी दिवसभर पावड्या दाबणाऱ्या त्या माणसाला त्याने बैठे ठरवले असते. सायकलवर टेकलेल्या फोनला पायडल मारलेले नीट कळत नाही. डोक्यावर पेंढीचा भारा घेऊन बांधावरून चालणारा माणूस आणि मोकळ्या हातांनी फिरायला निघालेला माणूस त्याच्या लेखी सारखेच असतात. बरीच अ‍ॅप्स सलग काही पावले पडल्याशिवाय मोजणी सुरूच करत नाहीत, कारण फोन नुसता हातात हलवला तरी आकडा वाढू नये. त्यामुळे स्वयंपाकघरातून परड्यापर्यंतच्या चार-सहा पावलांच्या शेकडो खेपा गळून जातात. घरातल्या बायकांचे आकडे नेहमी कमी दिसतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर बस हिंदकळत गेली, तर न चाललेली काही पावले जमाही होऊ शकतात. आणि वयस्कर माणसांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची उणीव अशी की चाल फार मंद असेल, पाय घासत पडत असेल किंवा काठीच्या आधाराने असेल, तर धक्के इतके सौम्य होतात की फोन बरीच पावले सोडून देतो.

तुमच्या घरचा फोन किती सोडतो हे तुम्ही स्वतः तपासू शकता. गुडघा बरा झाल्यावर आप्पांना एका सकाळी सपाट रस्त्यावर त्यांच्या नेहमीच्या चालीने चालू द्या. फोन नेहमीच्याच खिशात असावा. तुम्ही शेजारून चालत दोनशे पावले मनात मोजा आणि मग मिनिटभर थांबून अ‍ॅपमधला आकडा किती वाढला ते पाहा. तीन वेगवेगळ्या दिवशी हे करा. दोनशेऐवजी एकशे ऐंशी दिसले आणि तिन्ही वेळा जवळजवळ तेवढेच दिसले, तर तो फोन तुमच्या कामाचा आहे. सारखीच चूक करणारा तराजू चालतो. रोज वेगळी चूक करणारा चालत नाही. एकदा शंभर आणि एकदा एकशे नव्वद दिसत असतील, तर खिसा बदलून पाहा. झुलणाऱ्या सैल खिशापेक्षा अंगाला लागून असलेल्या खिशातली मोजणी अधिक स्थिर येते.

दहा हजारांच्या आकड्याचा उगम वैद्यकशास्त्रात नाही. १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजण्याचे यंत्र विकायला काढले आणि त्याला ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, असे नाव दिले. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, आणि पुढे तो जगभर पसरला. आप्पांच्या वयाला जवळचे उत्तर मला दोन अभ्यासांत सापडते. २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांची पावले मोजली होती. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये पुढील चार-साडेचार वर्षांतील मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले, आणि साधारण ७,५०० पावलांच्या पुढे फरक वाढत गेला नाही. २०२२ साली पंधरा अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली, तेव्हाही साठीच्या पुढच्या लोकांमध्ये लाभ ६,००० ते ८,००० पावलांच्या आसपास स्थिरावलेला दिसला. हे वाचताना एक भान मात्र ठेवायला हवे. जो माणूस आतून आजारी असतो तो कमी चालतो, म्हणून कमी पावले हे काही वेळा आजाराचे कारण नसून त्याचे लक्षण असते. संशोधक हा परिणाम वजा करण्याचा प्रयत्न करतात, पण तो पूर्ण वजा होतोच असे नाही.

नेमकी हीच गोष्ट मला तुमच्यापुढे ठेवायची आहे. कमी पावले जर लक्षण असू शकतात, तर फोनचा खरा उपयोग आप्पांची रोज परीक्षा घेण्यात नाही. वर्षानुवर्षे त्यांची चाल टिपत राहण्यात आहे, म्हणजे ती बदलली की घरातल्यांना वेळेत कळेल. एका दिवसाचा आकडा जवळजवळ निरर्थक असतो. एका आठवड्याची सरासरी बऱ्यापैकी बोलते. पण या वर्षीच्या माघातील सरासरी मागच्या माघाशी ताडून पाहिली, तर ती जे सांगेल ते रक्ताच्या तपासणीतही अनेकदा दिसत नाही. तुलना आप्पांची आप्पांशीच करायची. शेजारच्या काकांशी नाही, तुमच्या भावाशी नाही आणि दहा हजारांशी तर नाहीच.

या विचाराला आधार आहे. ब्रिटनमध्ये ‘यूके बायोबँक’ या मोठ्या आरोग्य अभ्यासात २०१३ ते २०१५ या काळात सुमारे एक लाख लोकांनी मनगटावर हालचालींचा सेन्सर आठवडाभर बांधला होता, आणि त्यानंतर त्यांच्या प्रकृतीचे काय झाले याची नोंद ठेवली गेली. २०२२ साली इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या नोंदींतून माणूस कसा चालतो एवढेच वेगळे काढले आणि त्यावरून पुढील पाच वर्षांतील मृत्यूच्या धोक्याचा अंदाज बांधता येतो असे दाखवले. साध्या फोनमध्येही याच जातीचा सेन्सर असल्यामुळे ही पद्धत पुढे सर्वसामान्यांपर्यंत नेता येईल, असा त्यामागचा विचार आहे. मात्र असा अंदाज समूहाचा असतो. एक लाख माणसांत कोणत्या गटाला धोका अधिक आहे हे त्यातून कळते. अमुक एका माणसाचे पुढे काय होणार हे कळत नाही. फोनमध्ये पाहून आयुष्याचा आकडा सांगणारे अ‍ॅप कोणी दाखवले, तर ते आप्पांच्या फोनमध्ये येऊ देऊ नका.

पावलांच्या संख्येपेक्षाही चालण्याचा वेग अधिक सांगतो, असे माझे मत आहे. २०११ साली नऊ अभ्यासांतील ६५ वर्षांवरील ३४,४८५ लोकांची माहिती एकत्र करून पाहिली असता चालण्याचा वेग आणि पुढील आयुष्य यांचा ठळक संबंध दिसला. त्यात नवल नाही, कारण नीट चालण्यासाठी हृदय, फुप्फुसे, सांधे, स्नायू, डोळे, तळपायाच्या नसा आणि मेंदू हे सगळे एकाच वेळी ठीक असावे लागते, आणि यांतले काहीही बिघडू लागले की वेग आधी उतरतो. काही फोन वेगही दाखवतात, पण त्यासाठी फोनची गरज नाही. घरासमोरच्या सपाट गल्लीत शिलाईच्या टेपने दहा मीटर मोजून खडूने दोन रेघा ओढा. आप्पांनी पहिल्या रेघेच्या तीन-चार पावले आधीपासून नेहमीच्या चालीने चालायला लागावे आणि दुसऱ्या रेघेच्या पुढे जाऊन थांबावे. दोन रेघांमधला वेळ तुम्ही घड्याळावर मोजा. दहा सेकंद लागले तर वेग सेकंदाला एक मीटर झाला. दर तीन महिन्यांनी हे करा. दहाचे अकरा सेकंद झाले आणि पुढच्या खेपेलाही अकराच राहिले, तर तो फरक लहान समजू नका. सेकंदाला दहा सेंटीमीटरच्या आसपासची घट वृद्धांच्या बाबतीत वैद्यकीयदृष्ट्या लक्षणीय मानली जाते.

नोंद ठेवण्यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी आहे. दुधाचा हिशेब जिथे लिहिता त्याच पानावर, दर रविवारी, त्या आठवड्याची रोजची सरासरी एका आकड्यात लिहा, आणि त्या आठवड्यात काय वेगळे घडले ते दोन शब्दांत खाली टाका : रोप लावणी, सर्दी-ताप, लग्न, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, सौंदत्तीची यात्रा. शेतीच्या आठवड्यापुढे ‘शेत’ असे लिहिलेले असले की तिथे आकडा नऊशे असला तरी कोणी घाबरणार नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबरचा पाऊस कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको; त्या महिन्यांत आकडे उतरणारच, म्हणून श्रावणाची तुलना श्रावणाशीच करा. फोन बदलला तर त्या तारखेला ठळक रेघ ओढा, कारण नवा फोन वेगळे मोजेल आणि तो फरक आप्पांच्या पायांतला नसेल. वर्षाअखेरीस ते पान फेकू नका. डॉक्टरांकडे जाताना जुनी आणि चालू दिनदर्शिका सोबत न्या. फोनच्या पडद्यावरचा आलेख पाहायला गर्दीच्या ओपीडीत कोणाला वेळ नसतो, पण कागदावरचे बावन्न आकडे एका नजरेत वाचून होतात.

काही कारण नसताना सरासरी तीन-चार आठवडे सतत उतरत राहिली, तर आप्पांना रागावण्याऐवजी त्यांना डॉक्टरांकडे न्यावे. अशा वेळी रक्तक्षय असू शकतो, हृदयाची क्षमता कमी होत असू शकते, पायांच्या नसा किंवा रक्तवाहिन्यांचा त्रास असू शकतो, दृष्टी मंदावलेली असू शकते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळते, तीही तपासून घ्यावी. मन उदास असले तरी पावले कमी होतात, आणि आपल्याकडचे वडीलधारे ते तोंडाने सांगत नाहीत. याउलट काही लक्षणे आकड्यांची वाट पाहण्याची नाहीत. चालताना छातीत दाब येणे, एकाएकी दम लागणे, किंवा शरीराची एक बाजू लुळी पडणे यांपैकी काहीही झाले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येऊन थांबल्यावर तो ओसरत असेल, तर तेही लवकरात लवकर दाखवावे.

मग आप्पांनी चालावे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि ६५ वर्षांवरील लोकांनी त्यासोबत तोल व ताकद सांभाळणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत. शेतातले काम या हिशेबात धरायचे असते, फोनने ते मोजले नसले तरीही. ज्या दिवशी शेत नाही त्या दिवशी, गुडघा बरा झाल्यावर, तिन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटे सपाट जागेवर चालणे मधुमेहासाठी विशेष उपयोगी आहे, कारण जेवणानंतर वाढणारी साखर त्याने आटोक्यात राहते. मध्यम चालीची खूण म्हणजे मिनिटाला सुमारे शंभर पावले, किंवा बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही अशी स्थिती. त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या साखर एकदम खाली नेणाऱ्या आहेत का, हे डॉक्टरांना विचारून घ्या, आणि तशा असतील तर चालताना खिशात साखरेची पुडी असू द्या.

मनगटावरचे घड्याळ आत्ता घेऊ नये, असे मला वाटते. ते शेतातही अंगावर राहील हा त्याचा खरा फायदा आहे. पण ते वरचेवर चार्ज करावे लागते, चिखलपाण्यात सांभाळावे लागते, आणि मनगटावरचा सेन्सर हातांच्या कामालाही पावले समजून बसतो. वर्षभर दिनदर्शिका नीट भरली गेली आणि आप्पांना स्वतःला गोडी वाटली, तर पुढच्या दिवाळीला विचार करा.

माहितीबद्दल तुम्ही विचारलेत ते योग्य केलेत. पावले मोजण्यासाठी अ‍ॅपला ठिकाण, संपर्कयादी किंवा फोटो यांतल्या कशाचीही गरज नसते. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, शारीरिक हालचालींसाठी वेगळी परवानगी मागितली जाते. सेटिंगमध्ये जाऊन तेवढीच चालू ठेवा आणि बाकीच्या बंद करा. पावलांच्या बदल्यात नाणी किंवा सवलती देणारी अ‍ॅप्स काढून टाका, कारण तिथे आप्पांची दिनचर्या हाच विकण्याचा माल असू शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती वापरण्यासाठी संमतीची अट घातली आहे आणि दिलेली संमती मागे घेण्याचा हक्कही मान्य केला आहे. हा हक्क घरातही लागू करावा, अशी माझी विनंती आहे. तुमच्या भावाची माया मला दिसते. तिकीट काढून दर आठवड्याला येता येत नाही, म्हणून तो आकड्यातून वडिलांना पाहतो. पण आपला आकडा रोज कोणी पाहावा की नाही, हे आप्पांना कोणी विचारलेले दिसत नाही. मुलाच्या फोनला उत्तर द्यावे लागू नये म्हणून ज्या माणसाला नातवाच्या खिशाचा आधार घ्यावा लागला, त्याच्यावर केवढे ओझे असेल, याचा विचार करा. आणि यात धोकाही आहे. उद्या आप्पांची चाल खरोखर मंदावली, तर नातवाची पावले ती घट झाकून टाकतील. म्हणून भावाला सांगा की रोजचे पाहणे बंद करावे, रविवारी तुम्ही दिनदर्शिकेच्या पानाचा फोटो पाठवाल, आणि त्यानंतर फोन केला की त्याने आधी भाताचे काय चालले आहे ते विचारावे.

राहिला मुलाच्या पावलांचा प्रश्न. बऱ्याच अ‍ॅपमध्ये ठरावीक दिवसाची नोंद उघडून ती पुसता येते, पण कोणत्या दिवशी फोन कोणाच्या खिशात होता हे आता आप्पांनाही आठवणार नाही, आणि त्यासाठी त्यांची उलटतपासणी घेऊ नये. दिवाळीपासून आजवरचे आकडे तसेच सोडून द्या. गुडघ्याची सूज उतरली की येणाऱ्या पहिल्या सोमवारी दिनदर्शिकेवर एक गोल करा, अ‍ॅपमधले दहा हजारांचे लक्ष्य काढून टाका, आणि पहिले तीन महिने कोणतेही लक्ष्य न ठेवता आप्पा जसे चालतात तसे त्यांना चालू द्या. पहिल्या रविवारचा आकडा शक्य तर त्यांच्याच हातून लिहवून घ्या.